विणकराचा खांदा आणि माझी कुस्ती

मी आयुष्यात एकच कुस्ती जिंकलो, आणि तीही अशा माणसाशी, ज्याला आपण कुस्ती खेळतोय याचा पत्ताच नव्हता.

सोलापुरात तेव्हा पेठेपेठेला तालीम होती. आमच्या तालमीतल्या मातीची आणि माझ्या पाठीची घसट इतकी की मी लंगोट कसून हौद्यात उतरलो की वस्ताद म्हणायचे, "ह्याला कशापायी शड्डू ठोकायला लावता? सरळ निजायला सांगा, येळ तरी वाचंल." विशी उलटल्यावर मलाही ते पटलं. मग मी वस्तादांच्या दुसऱ्या विद्येकडे वळलो.

सकाळचा जोर संपला की तालमीच्या ओट्यावर माणसं येऊन बसत. गिरणीतले कामगार, हमाल, मागावरचे विणकर. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान. वस्ताद करडईचं तेल कोमट करून त्यांना चोळत. वाकडा आलेला माणूस सरळ चालत जाई, आणि वस्ताद मिशीवरून तेलकट बोट फिरवत आमच्याकडे असे बघत की जणू नुकतंच मैदान मारून आलेत.

"वस्ताद, मला शिकवा. माझ्या हातात ताकद हाय," मी म्हणालो.

"ताकद म्हशीच्या पायात बी असती. तिला बशिवतो का कुणाच्या पाठीवर?"

पण शिकवायचं कबूल केलं. रीत अशी की शिकणाऱ्याने आधी अंग द्यायचं. मी पालथं पडायचं, वस्तादांनी चोळायचं, आणि हात कुठून निघाला, कुठं थांबला, जड कधी झाला, हे मी अंगावरच शिकायचं. वस्ताद बोलतही असत. हाडावर जोर द्यायचा नाही. दुखतं तिथं आधी जायचं नाही, लांबून यायचं. एक हात उचलला तर दुसरा ठेवायचा, अंगाला पोरकं करायचं नाही. हे सगळं मला पुढं इतरांनी सांगितलं. कारण वस्तादांचा हात पाठीवर पडला की मला जी झोप लागे, ती उन्हं ओट्यावर येईपर्यंत उतरत नसे. माझं संपूर्ण शिक्षण मी घोरत पुरं केलं.

अशी माझी तयारी असताना तो विणकर आला. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांपैकी एक, चाळिशीचा, काडीसारखा. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हातमागावर डोक्यावरून लोंबणारी दोरी उजव्या हाताने हिसकायची, तेव्हा आडवं सूत नेणारा धोटा पळतो. दोरीच हाताला येईना, तर लुगडं कसलं विणणार? कारखानदाराने त्याला मंगळवारच्या बाजारापर्यंतची मुदत दिली होती. तोवर हात चालला तर ठीक, नाहीतर त्याच्या मागावर दुसरा माणूस बसणार होता. माणूसही ठरला होता. घरात बायको सुताच्या कांड्या भरायची आणि चार तोंडं खाणारी.

नेमकं तेव्हाच वस्तादांना एका पैलवानाला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर जायचं होतं. "नुसतं तेल लावून ठेव," ते मला म्हणाले. "नुसतं तेल. कळलं का?"

"व्हय, वस्ताद."

मी तेल लावलं. खांद्यामागे हाताला काहीतरी टणक लागलं. मी दाबलं, तर ते उलट माझ्यावरच ताठ झालं. आता तालमीत वाढलेल्या माणसाला समोरचं अंग ताठलं की एकच गोष्ट सुचते. मी जोर केला. त्यानं अंग चोरलं, मी पुढं सरकलो. तो "अय्यो!" म्हणाला, ते मला शाबासकीसारखं वाटलं. तो सुटायला वळला, मी गुडघा लावला, आणि पुढच्या क्षणी त्याचे दोन्ही खांदे फरशीला टेकले होते.

"चीत!" ओट्यावरचा हमाल ओरडला. "आरं, जिंकला की रं!"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मग विणकराचं तोंड दिसलं. तो डाव्या हाताने उजवा हात उराशी धरून पडला होता, आणि दारात स्टेशनवरून परतलेले वस्ताद उभे होते.

वस्तादांच्या शिव्या साऱ्या पेठेला ठाऊक. पण ते सरळ ओट्यावर आले. विणकराशेजारी बसले, त्याला हळूच कुशीवर वळवलं आणि त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. बस, ठेवला. चोळणं नाही, दाबणं नाही. माणूस हळूहळू श्वास घ्यायला लागला. मग त्यांनी माझं मनगट धरलं, माझा हात त्या खांद्यावर ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला.

"त्याच्या पायाच्या अंगठ्याकडं बघ. तोंड खोटं बोलतं, अंगठा न्हाय. त्यो वळला की थांब."

आम्ही मानेकडून निघालो, लांबून. ती टणक जागा आली, अंगठा वळला, वस्तादांचा हात थांबला. मी सवयीनं ढकलायला गेलो, तर खालून विणकरच म्हणाला, "गाठ वढली तर घट्ट हुती की, पैलवान. तुमी कवा सूत सोडवलं न्हाय का?"

ओट्यावर हशा पिकला. मी हात सैल सोडला, आणि तेव्हा पहिल्यांदा मला खालचं काही कळलं. ते टणक होतं ते दगडासारखं नव्हतं. भ्यालेल्या जनावरासारखं दबा धरून बसलं होतं. आम्ही थांबलो तसं ते जरा हललं. कोमट झालं. मग आपणहून, कुणी न ढकलता, माझ्या बोटांखालून सरकून पसरलं. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं माणसांची अंगं मी धरली, पिळली, अंगावर पाडून घेतली. पण एखादं अंग आपल्या हाताशी बोलेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी वस्तादांकडं पाहिलं. ते अंगठ्याकडंच बघत होते.

"काय इचारलंस त्याच्या अंगाला?" ते हळूच म्हणाले.

"काय न्हाय, वस्ताद. गप बसलो."

"मग बरोबर."

विणकर रोज येत राहिला. माझ्या हाताखाली यायला आधी तो कुरकुरायचा. "वस्ताद, हे पैलवान लांब बसूं द्या की," म्हणायचा. सोमवारी त्याचा हात कानापर्यंत गेला. कानाच्या वर काही जाईना. तेवढ्यानं भागेल का, वस्तादांनाही सांगता येईना.

मंगळवारी मीच न राहवून त्याच्या कारखान्यात गेलो. दाराशी तो दुसरा माणूस पंचा खांद्यावर टाकून बसला होता. आत मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून माझा विणकर बसलेला, आणि कारखानदार त्याच्या डोक्याशी उभा. विणकरानं दोरीकडं हात नेला. तो कानाशी आला, अडला. मी दारातच थबकलो. मग त्यानं मान थोडी कलती केली, खांदा खाली सोडला, जोर मुळीच केला नाही. आणि बोटं दोरीला पोहोचली. हिसका. धोटा पळाला. पुन्हा हिसका, पुन्हा पळाला. जरा वेळानं माग चांगला बोलू लागला.

कारखानदार पुढच्या मागाकडं गेला. बाहेरचा माणूस उठला, पंचा झटकला आणि निघून गेला.

मी धोट्याकडं बघतच नव्हतो. सदऱ्याखाली त्या खांद्यामागची ती जागा गोळा होत होती, सुटत होती. तिची प्रत्येक हालचाल मला तळव्यात कळत होती, लांबून, हात न लावता. मी आत दोन पावलं कधी गेलो, मला कळलं नाही.

"पैलवान," विणकर मागावरची नजर न काढता म्हणाला, "दारातला उजेड सोडा की जरा. तुमच्या अंगानं धागा दिसंना."