कासारमामांचं चुकलेलं माप

इस्लामपूरला आमच्या घरी बांगड्या भरायला कासारमामा येतात. बाईचा हात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबलं की त्यांना माप कळतं. ते चुकल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तोंड मात्र अखंड चालू. "हात सैल सोडा आक्का, मी काय सुई टोचतोय व्हय?" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असते. मग रिवाजाप्रमाणं आपण वाकून नमस्कार करायचा आणि त्यांनी म्हणायचं, "कासाराला समद्या बायका लेकीच."

नणंदेच्या लग्नात सगळ्याजणी चुडा भरायला बसल्या. विधवेनं बांगडी घालायची नाही, म्हणून ह्यांच्या आत्या तेवढ्या मोकळ्या हातांनी दाराआड उभ्या.

"आत्याबाई," मामांनी हाक मारली, "नवरीच्या मामीला यायला उशीर हाय. तिचा हात तुमच्याएवढाच. जरा माप बघू द्या."

आत्यांनी बिचकत हात पुढं केला. बघता बघता दोन्ही हात हिरवेगार झाले.

"काढा आधी!" सासूबाई कडाडल्या.

मामांनी ओढल्याचं सोंग केलं. "निघंनात की वो! माप चुकलं माझं. फोडू का? पर लगीनघरात बांगडी फोडल्याली चालतीय का, तुमीच सांगा."

शकुन-अपशकुन पाळणाऱ्या सासूबाईंनी पुढच्या बाईला हात पुढं करायला सांगितलं.

वर्षभरात त्या बांगड्या कामाधामात पिचकल्या. परवा मामा आले, तर आत्या सगळ्यांच्या आधी पुढ्यात बसल्या आणि हात पुढं करून म्हणाल्या, "बघा मामा, आजबी चुकतंय का."