पहिलं ‘नको’

सहार विमानतळावर घाटकोपरची आमची अख्खी चाळ लोटली होती, जणू मी लढाईवर निघाले होते. बाबांना माझी जीभ ठाऊक. बाजूला घेऊन म्हणाले, "तिकडचा नर्सिंगचा कोर्स पुरा झाला की जगात कुठेही नोकरी मिळेल. तोवर कुणाशी भांडू नकोस." मी हो म्हटलं. विमानात बसताना ते मनापासूनच होतं.

इंग्लंडच्या उत्तरेकडचं ते गाव पाहून मी चाटच पडले. विलायत विलायत म्हणतात ती ही? लाल विटांच्या घरांच्या रांगा, मागे मेंढ्यांनी भरलेल्या हिरव्यागार टेकड्या आणि मध्ये बंद पडलेल्या गिरण्यांच्या चिमण्या. मालवणहून मुंबईला आलेल्या बाबांचा जन्म गिरणीत गेला. त्यांना इथे परकं वाटलं नसतं. दुपारी चारला अंधार पडायचा आणि थंडी हाडात शिरायची.

घरमालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी सूप आणि पाव पुढे केला. मी म्हटलं, "नको, कशाला त्रास?" बाईंनी मान डोलावली, सूप परत नेलं आणि भांडं घासायला घेतलं. पोटात कावळे ओरडत होते. आपल्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे नुसती रीत, पुढचा आग्रह व्हायचाच असतो. इथे आग्रह करायची पद्धतच नाही. ती रात्र आईच्या बेसनलाडवांवर काढली. हसण्यावारी नेलं मी ते.

वॉर्डात मात्र हसू पळालं. तिथे घाटकोपरच्याच एक गुजराती बा होत्या. मुलाकडे आल्या आणि बर्फावर घसरून खुबा मोडून बसल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण मुलाने ‘नो, थँक यू’ एवढं शिकवलं होतं. ताट आलं की बा हात जोडून गोड हसायच्या आणि ‘नो, थँक यू’ म्हणायच्या. की ताट परत! ‘पेशंटने जेवण नाकारलं’ अशी नोंद व्हायची. बांचे गाल बसले. डॉक्टर म्हणाले, खातच नाहीत, उद्या नाकातून नळी घालू.

माझं टाळकंच सणकलं. राइस पुडिंग (म्हणजे खीरच, पण वेलचीचा पत्ता नाही) घेऊन मी बांजवळ बसले.

"ना ना, बेटा."

"थोडुं, बा. मारा सम." (माझी शपथ.)

बांनी वाटी चाटूनपुसून संपवली. म्हणाल्या, "ही माणसं चांगली आहेत, पण कुणी खा म्हणतच नाही. आपणहून कसं घ्यायचं?"

तेवढ्यात वॉर्डच्या मुख्य नर्सबाई आल्या. तिकडे त्यांनाच सिस्टर म्हणतात.

"त्यांनी नाही म्हटलं होतं. तू जबरदस्ती केलीस."

"आमच्याकडे पहिलं नाही हे नाही नसतं."

"इथे असतं."

"मग हाताने भरवणं ही जबरदस्ती, आणि नाकात नळी खुपसणं ही शुश्रूषा?"

बाई लालबुंद झाल्या. मला त्याच दिवशी दुसऱ्या वॉर्डात पाठवलं, आणि पहिल्या वॉर्डाचं काम मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, असंही सांगितलं. जाताना मी बांच्या मुलाला व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको खिचडीचा डबा घेऊन येऊन बसायला लागली. नळी घालावी लागली नाही. माझं परतणं मात्र लांबलं, आणि बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, "भांडलीस ना?"

राग त्या बाईंचा नाही येत. त्या आपल्या रीतीने चोख होत्या. परक्या मुलखाला आपली रीत कुठून ठाऊक असणार? राग आला तो परत आल्यावर.

अंधेरीच्या एका नव्या खाजगी इस्पितळात मुलाखतीला गेले. मालक डॉक्टर स्वतः वॉर्ड दाखवत होते. "नातेवाइकांना बंदी, घरचे डबे बंद. ताट एकदाच विचारायचं, नको म्हटलं की उचलायचं. अगदी फॉरेनसारखं. म्हणून तर तुमच्यासारखी तिकडे शिकलेली हवी."

अहो, घ्यायचं तर तिकडची स्वच्छता घ्या, शिस्त घ्या. हे काय उचललंत? मी तोंड उघडणार, इतक्यात कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक थकलेले आजोबा वाढणाऱ्या मावशींना म्हणाले, "नको गो बाय." मावशींनी ताट उचललं. आजोबांची नजर त्या ताटामागून दारापर्यंत गेली.

"मावशी, आणा ते इकडे," मी म्हटलं आणि खाटेजवळ बसले. "आजोबांनू, दोन घास तरी खावा. भात गरम आसा."

"खयची गो तू?" (कुठली गं तू?)

"मालवणची."

त्यांनी ताट जवळ ओढलं.

"बाई, तुमची मुलाखत अजून व्हायची आहे," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले.

"झाली की," मी म्हटलं, आणि भातावर आमटी वाढली.