खालून न दिसणारे आकडे

राइस मिलमध्ये कंट्रोल पॅनल किती उंचीवर लावायचा, हे आमच्या गोंदियात इंजिनिअर ठरवत नाहीत, हमाल ठरवतात. डोक्यावर कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, घेतलेला माणूस वळला की कट्ट्याचं टोक जिथवर पोचतं, त्याच्या हातभर वर पॅनल. खाली लावला तर आठवड्यात काच फुटते. शिवाय खाली फरशी धुतल्याचं पाणी, उंदीर आणि कोंड्याचा थर. म्हणून इथल्या मिलमध्ये ड्रायरचा ऑपरेटर मान वर करूनच तापमानाचे आणि ओलीचे आकडे वाचतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. या मिलांमध्ये माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. तरी मी चुकलो, आणि मला चुकताना शेजारी उभं राहून पाहणारा माणूस माझाच होता.

माझी सुरुवात मोटर रिवाइंडिंगची. बिरसीकडची थोडी धानाची शेती मोठ्या भावाकडे राहिली आणि मी गोंदियात एका गाळ्यात तांब्याची तार गुंडाळायला बसलो. मोटर जळाली की मिलवाला घाईत येतो. घाईतल्या माणसाशी भाव कसा करायचा आणि स्वतः घाईत असताना ती कशी लपवायची, हे मी तिथे शिकलो. मोटरनंतर स्टार्टर, मग पॅनल, आणि पुढे उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या ड्रायरचे कंट्रोलर. पण कंट्रोलरच्या आतलं मला येत नव्हतं. ते येत होतं गोरेगावच्या एका डिप्लोमा झालेल्या माणसाला. तिथे तो टीव्ही दुरुस्त करत असे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बोलायला कमी, हात मात्र असा की जळालेल्या सर्किटच्या प्लेटवर पुन्हा रस्ता काढून द्यायचा. मी त्याला गोंदियाला आणलं आणि अर्ध्याचा भागीदार केलं. पगारी नोकर ठेवता आला असता. ठेवला नाही. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, आज इथे लिहितो.

कामाची वाटणी सरळ होती. घेणं आणि विकणं माझं, बनवणं त्याचं. आणि एक नियम होता: भाव चालू असताना आपल्या बाजूने एकच तोंड बोलणार. तो नियम उगाच आला नव्हता. पहिल्याच वर्षी नागपूरच्या दुकानात एक डिस्प्ले हातात घेऊन तो डिलरसमोर म्हणाला होता, "भाऊ, हाच त पाहिजे होता आपल्याले." डिलरने त्या क्षणी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवलं. भाव तिथेच गोठला. बाहेर फुटपाथवर मी त्याला इतकं झापलं की लोक थांबून बघायला लागले. त्यानंतर दुकानात तो पिशवी घेऊन मागे उभा राहायचा आणि शब्द काढायचा नाही.

डिस्प्ले निवडणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात फसवी गोष्ट आहे. दुकानात पंख्याखाली सगळेच चांगले दिसतात. आमचे पहिले डिस्प्ले मे महिन्यात ड्रायरजवळ शाईसारखे काळे पडले. दुसऱ्या खेपेचे दारातून ऊन आलं की कोरे दिसायचे. तेव्हापासून माझ्या तीन परीक्षा ठरल्या. नमुना भर दुपारी गाळ्याच्या पत्र्यावर ठेवायचा, उन्हातही आणि तापल्यावरही वाचता आला पाहिजे. ओळखीच्या मिलमध्ये धानाच्या चाळणीला दोन दिवस बांधायचा, अक्षर हलता कामा नये. आणि कोंड्याच्या पोत्यात पुरून काढायचा. यातून जो निघेल तो घ्यायचा. कागदावर कंपनीने काय छापलं आहे ते माझा भागीदार वाचायचा. मी कागदावर कधी विश्वास ठेवला नाही.

मग ते मोठं काम आलं. ज्या मिलवाल्या शेठने मला पहिली जळालेली मोटर दिली होती, त्याने नवे ड्रायर बसवले. बारा पॅनल. हे नीट चालले तर तिरोडा रोडवरच्या त्याच्या भावांच्या दोन्ही मिलांचं कामही आमचंच, असं त्याने तोंडाने सांगितलं होतं. आमच्यासारख्या गाळ्यातल्या माणसांना असं काम आयुष्यात एकदा येतं.

त्याच दिवसांत नागपूरच्या डिलरकडे एक माल पडून होता. हार्वेस्टरच्या डॅशबोर्डसाठी बनवलेले चार ओळींचे अक्षरी डिस्प्ले, कोणत्या तरी कंपनीने ऑर्डर देऊन सोडून दिलेले. डिलर म्हणाला, "गाडी का माल है भाई, धूप, गर्मी, झटका, सब झेलेगा. तुम्हारे मिलवाले माल से एक नंबर ऊपर." मला ते पटलं, आणि आजही म्हणतो, त्यात तो खोटं बोलला नव्हता. दोन नमुने आणले. पत्र्यावर ठेवले, मी वाकून पाहिलं, अक्षर ठसठशीत. चाळणीवर जराही हललं नाही. कोंड्यातून काढून टेबलावर ठेवले, फडक्याने पुसले, पुन्हा ठसठशीत. भागीदाराच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, "जोडून घे, प्रोग्राम बसतो का पाहा." तो म्हणाला, "बसते." एवढंच.

मालाचा भाव करायला आम्ही दोघं गेलो. मी खुर्चीवर, तो मागे. डिलर आणि मी एकमेकांना बरंच ओळखून होतो, त्यामुळे अर्धा तास नुसता चहा आणि तक्रारी चालल्या. मी त्याला सांगत होतो की हा माल तुझ्याकडे कुजणार आहे, हार्वेस्टरवाला परत येणार नाही. तो खाली यायला लागला होता. तेवढ्यात भागीदाराने माझ्या शर्टाची बाही ओढली. मी हात झटकला. डिलरच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"क्यों, इंजीनियर साब को पसंद नहीं आया क्या?"

अशा वेळी उत्तर द्यायला एक क्षण लागला तरी भाव हातचा जातो. मी म्हणालो, "इंजीनियर कौन? ये सोल्डर का टाँका मारता है अपने यहाँ. पसंद मेरी चलती है."

डिलर हसला, मीही हसलो, आणि दोन मिनिटांत भाव माझ्या आकड्यावर आला. बाहेर पडून आम्ही तर्री पोहे खाल्ले. मी खुशीत होतो. तो खाली मान घालून खात होता. मी विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "तिखट आहे." गोंदियाच्या माणसाला तर्री तिखट लागली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि मला झोप लागली.

पॅनल लागले. तिसऱ्या दिवशी शेठच्या ऑपरेटरने मला बोलावलं. सालेकशाकडच्या जंगलपट्टीतला म्हातारा माणूस, सगळी हयात ड्रायरवर गेलेली.

"भाऊ, मले त यातलं काहीच दिसून नाही रायलं."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल बाबा."

"चष्मा ठीक आहे. ड्रमवर चढलो त दिसते."

मी ड्रमवर चढलो. आकडे स्वच्छ, छापल्यासारखे. खाली उतरलो, मान वर केली, आणि आकडे काचेतच विरघळले. पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. हमाल कट्टे घेऊन बाजूने जात होते. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, व्यायाम करून रायले का?" मी त्याला शिवी दिली आणि पॅनल उघडून आतला कॉन्ट्रास्टचा स्क्रू फिरवला. खालून दिसायला लागलं. मला वाटलं, सुटलो. बाराच्या बारा पॅनलचे स्क्रू मी स्वतः फिरवले. दुपारी ड्रायर तापले तशी एकेक काच पूर्ण काळी पडत गेली. संध्याकाळी सगळे स्क्रू जागेवर आणले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भागीदाराला म्हटलं, तो म्हणाला, "पायतो." चार दिवस तो "पायतो"च म्हणत राहिला.

तोवर ऑपरेटरने पॅनलकडे बघणं सोडून दिलं होतं. दिवसातून पन्नास वेळा ड्रमवर चढायचं त्याचं वय नव्हतं. तो पूर्वीसारखा मूठभर धान काढून दाताखाली फोडून बघायचा. पण जुना ड्रायर हळू होता, हा नवा झपाट्याचा. दाताला कळेपर्यंत एक अख्खी घाणी, म्हणजे ड्रायरभर धान, जास्त सुकली, आणि मिलमधून तांदळाऐवजी तुकडा निघायला लागला.

शेठने मला ऑफिसात बसवलं. तो ओरडला असता तर मी सांभाळून घेतलं असतं, मला ओरडणाऱ्याशी बोलता येतं. तो थंडपणे म्हणाला, "एक बात समझ में नहीं आई. तेरा पार्टनर तो लगाने के दिन ही बोला था मेरे को."

"काय बोलला?"

"कि भाऊ ने गाडीवाला उठा लिया, नीचे से नहीं दिखेगा. मैं समझा, तुम दोनों में बात हो गई होगी. कुछ जुगाड़ करोगे."

मी तिथून उठलो कसा, ते आठवत नाही. गाळ्यात आलो तेव्हा तो टाका मारत बसला होता. मी शटर अर्धं खाली ओढलं, शेजारच्यांनी ऐकू नये म्हणून.

"तुला माहीत होतं?"

त्याने सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवली. "होय."

"कधीपासून?"

"दुकानात मागं उभा राहून कागद परत पायला तवापासून." आणि मग शाळेत समजावतात तसं त्याने मला समजावलं. प्रत्येक डिस्प्ले एका बाजूने चांगला दिसतो. ती बाजू घड्याळाच्या आकड्याने सांगतात. बारा वाजताचा असेल तर वरून बघायचा, सहा वाजताचा असेल तर खालून. डॅशबोर्ड ड्रायव्हरच्या छातीखाली असतो, तो वरून बघतो, म्हणून गाडीचा माल बारा वाजताचा. आपल्या पॅनलला सहाचा पाहिजे; आजवर घेतलेला मिलचा माल तसाच होता, म्हणून कधी अडलं नाही. "तुमी पत्र्यावर ठेवून वाकून पायलं, टेबलावर ठेवून पायलं. एकदाही डोक्यावर धरून नाही पायलं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगाले गेलो. बाही ओढली."

"त्यानंतर? पोहे खाताना? गाडीत? पॅनल चढवायला आठ दिवस होते."

त्याने समोरची प्लेट बाजूला सरकवली. मग म्हणाला, "भाऊ, टाका मारनाऱ्याले मालाची काय समज?"

मी म्हणालो की ते भावासाठी बोललो होतो, समोरच्याला वाटावं की मागचा माणूस बिनकामाचा आहे. बाजारात माणूस काहीही बोलतो. तो म्हणाला, "अकरा वर्सं झाली, भाव संपलाच नाही तुमचा." मग माझा हात सुटला. त्याला नाही मारलं, टेबलावरचा ट्रे उचलून भिंतीवर मारला. सुटे भाग सगळीकडे पसरले. तो खाली बसून एकेक गोळा करायला लागला. ते बघून मला आणखी राग आला.

मी चुकलो, हे मी मान्य करतो. मी डिस्प्ले डोक्यावर धरून बघायला पाहिजे होता, आणि दुकानात तो शब्द बोलायला नको होता. पण माझं म्हणणं आजही तेच आहे. माझ्यावर राग होता ना, मग माझ्यावर काढायचा. घर ते गाळा आमचं रोजचं येणं-जाणं होतं, माझ्या बायकोच्या हातचं तो जेवायचा. त्याने माझी चूक मला न सांगता माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला सांगितली, आणि बारा पॅनल स्वतःच्या हाताने भिंतीवर चढवले. प्रत्येक स्क्रू पिळताना त्याला माहीत होतं. हे मी कोणत्याही तराजूत टाकलं तरी हलकं होत नाही.

शेठने दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, कोण सुधारणार? भागीदार म्हणाला, "मी करतो, पण घेनं बी मीच करीन. भाऊंनं दुकानात यायचं नाही." अकरा वर्षांत माझ्या देखत गिऱ्हाइकाशी व्यवहाराचं बोलायला त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. शेठने माझ्याकडे पाहिलं. मी भाव केला असता तर काहीतरी निघालं असतं. पण आपल्याच माणसाशी गिऱ्हाइकासमोर भाव करणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "त्यालाच द्या." आणि निघालो. आम्ही गाळ्यातलं सामान वाटून घेतलं. पुढे तिरोडा रोडवरच्या दोन्ही मिलाही त्याच्याकडेच गेल्या. मी पुन्हा मोटर आणि स्टार्टर करतो. चालतं.

परवा गोरेगावच्या बाजारात तो म्हातारा ऑपरेटर भेटला. आम्ही चहा घेतला. मी विचारणार नव्हतो, पण विचारलं, "आता दिसतात का आकडे?"

"दारातून दिसतेत."

"कुठला माल लावला त्याने?"

"ते मले काय माईत. आकड्यांचे तीन डबे घेऊन आला होता. तिन्ही खांबाले टांगले आन् मले म्हनला, बाबा, तुमच्या जागेवर उभे राहून सांगा, कोनता ठेवू." म्हाताऱ्याने बशीतला चहा संपवला. "मी मधला सांगतलो."

अकरा वर्षं आम्ही या मिलांना डिस्प्ले लावले. त्या वर्षांत ऑपरेटरला मी कधी विचारलं नाही. पण माझ्या भागीदारानेही विचारलं नव्हतं. माझ्या तीन परीक्षा तो रोज बघत होता. चौथी, ऑपरेटरच्या जागेवरून बघायची, त्याला सुचली ती आम्ही वेगळे झाल्यावर. की आधीच सुचली होती आणि ठेवून दिली होती, हे मला कळायला मार्ग नाही. त्याला विचारायचं म्हटलं तर त्याच्या गाळ्यात जावं लागेल, आणि तिथे मी जाणार नाही.