दुसऱ्या गाडीतली जागा

युनूसभाईंविषयी लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर त्यांच्या रुमालाची गोष्ट सांगायची, लोकांना हसवायचं आणि पुढचं गिळून टाकायचं. आता पंचाहत्तरी उलटली. पुढचंही सांगतो.

आम्ही दोघं अमरावतीच्या एका कार्यालयात संगणक विभागात होतो. मी वरिष्ठ, पदविका घेतलेला. ते टाइपरायटर दुरुस्त करता करता संगणकाकडे आलेले. कामासाठी अकोल्याला जायचं झालं की फलाटावर एसटी लागताच युनूसभाई खिडकीतून दोन रुमाल टाकत. एक त्यांच्या जागेवर, एक माझ्या.

एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. दुसरी आली तेव्हा युनूसभाई दारात उभे राहिले आणि आमच्या गाडीतल्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या जागी बसवू लागले, निव्वळ आठवणीवर. रस्त्यावरचे नवे लोक आत घुसायला लागले तसं म्हणाले, "थांबा ना बाप्पा. पहिले जुन्या सवाऱ्या, मंग नव्या."

अंजनगावच्या एका म्हातारीने टोमणा मारला, "काहून रे, कंडक्टर लागून गेला का तू?"

"नाही मावशी. पण तुमी खिडकीपाशी होत्या. बसा."

या स्मरणशक्तीचा त्यांना गर्व होता. दुसरा कुठलाच नव्हता.

ती कपाशीच्या सलग नापिकीची वर्षं. पाहणीची जीप गावात शिरली की माणसं कामं टाकून येत आणि आपलं नाव लिहिलं का, ते दोनदा विचारत. नुकसानभरपाईच्या त्या याद्या अमरावती आणि अकोला दोन्हीकडून एकाच सर्व्हरवर भरल्या जात. तो बंद पडला तरी काम थांबू नये म्हणून दुसरा घेतला आणि जोडणीचं काम माझ्याकडे आलं.

पहिला पडला की दुसरा उभा राहायचा, एवढं मी जमवलं. पण एक अडचण सुटेना. कुणी यादी लिहायला उघडली की सर्व्हर तिला कुलूप लावतो. बाकीच्यांनी ती फक्त वाचायची. या कुलपांची नोंद पहिल्याच्याच पोटात राही. दुसऱ्याला काही ठाऊक नसे. तो तीच यादी आणखी कुणालाही लिहायला देई. तीन आठवडे मी डोकं आपटलं. युनूसभाईंनी ऐकलं आणि हसले. "भाऊ, गाडी बदलली, पण रुमाल जुन्या गाडीतच राह्यले."

त्यांनी कुलपांची नोंद दोघांना दिसणाऱ्या सामायिक डिस्कवर ठेवली आणि ती कुठे शोधायची, ते सांगणारी एक ओळ दोन्हीकडे टाकली. दुसरा उभा राहिला की सुरुवातीचं दीड मिनिट फक्त जुन्यांचे दावे ऐकायचे, नव्यांना थांबवायचं, हेही सांगून ठेवलं. साहेबांनी त्यांना शेजारी बसवून चहा पाजला. मला म्हणाले, "शिकून घ्या यांच्याकडून."

ते वाक्य मला जेवू देईना. त्याच आठवड्यात युनूसभाईंनी वरूडची संत्री घरी पाठवली. बायको म्हणाली, साखरेसारखी आहेत. मला आंबट लागली.

बुधवारी नागपूरच्या अधिकाऱ्यांसमोर चाचणी होती. शनिवारी दुपारी कार्यालय रिकामं असताना मी दुसऱ्या सर्व्हरवरची ती ओळ खोडली. मला फक्त चाचणी फसायला हवी होती.

पण सोमवारीच पहिला सर्व्हर जळाला. अकोल्याच्या बाई जी यादी लिहीत होत्या, तीच दुसऱ्या सर्व्हरने अमरावतीच्या कारकुनालाही लिहायला दिली. त्या दुपारी अशा कितीतरी याद्या दोघादोघांनी लिहिल्या आणि ज्याने नंतर साठवली, त्याने आधीच्याची नावं पुसली. एका तालुक्यातली अर्धीअधिक गावं गेली.

युनूसभाईंनी दुसऱ्या सर्व्हरवर ती ओळ पुन्हा पुन्हा शोधली. मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "भाऊ, मी हे ओळ इथंबी टाकली होती ना? तुमी बाजूलेच होते."

मी म्हणालो, "मले तर दिसली नवती."

त्यांनी मान हलवली. "मंग राह्यलं असन माझ्या हातून."

ती गावं त्यांनी पुन्हा स्वतः फिरून लिहून आणली. तरी त्यांची अकोल्याला बदली झाली, आवक-जावकच्या टेबलावर. पुढची चाचणी मी केली. ओळ मीच परत टाकली होती. साहेबांनी पाठ थोपटली.

निवृत्तीनंतर एकदा सगळं सांगायचं ठरवून अकोल्याला गेलो. युनूसभाईंच्या शर्टाचा खिसा चिठ्ठ्यांनी फुगला होता: दूध, औषध, नातीच्या शाळेची वेळ. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "आता डोक्यावर भरवसा नाही भाऊ. तवापासून लिवूनच ठेवतो."

जेवलो, बसलो, निघालो. सांगितलं नाही. स्टँडवर गाडी लागली तसे ते या वयातही पुढे धावले आणि खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. मी बसलो. ते खाली, खिडकीपाशी उभे. रुमाल परत द्यायला मी हात बाहेर काढला आणि शब्द ओठांपर्यंत आले. गाडी हलली. "ठिवा ठिवा, पुढच्या वेळी द्या," ते म्हणाले.

गेल्या वर्षी ते गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला. रुमाल माझ्या कपाटात आहे, आणि त्या खिडकीतून म्हणायचं राहिलेलं वाक्यही: युनूसभाई, तुमी काहीच विसरले नवते. ओळ तुमी टाकली होती, मी खोडली. माफ करा मले.