अडीचला बंद पडणारा कॉम्प्युटर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि तो असता तर माझा धंदा चालला नसता. सुरतमध्ये उधन्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आसपास सगळे लूमचे कारखाने, हवेत कायम धाग्यांची बारीक रुई. दर आठवड्याला कोणीतरी येतं — "कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो हो, घरात काहीतरी आहे..." मी डबा उघडतो, पंख्यात अडकलेला रुईचा गोळा काढतो आणि त्यांच्या हातावर ठेवतो. हे घ्या तुमचं भूत! पंखा अडकला की आतला प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. वीस वर्षं मी हेच सांगत आलोय.

माझा मोठा भाऊ, दादा, लिंबायतला आमच्या जुन्या घरात राहायचा. वरच्या खोलीत बसून साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइन्स कॉम्प्युटरवर बनवायचा. दुकानापासून त्याचं घर बाइकवर पंधरा मिनिटं. तरी मी दीड वर्ष तिथे गेलो नव्हतो.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. डिंडोलीला मी फ्लॅट घेतला, वास्तुशांत केली. आमच्या खान्देशात अशा वेळी टोपी-टॉवेलचा पहिला मान घरातल्या मोठ्याचा. मी गडबडीत तो सासऱ्यांना दिला... गडबडीत कसला, सासरच्यांपुढे मोठेपणा करायचा होता मला. आईवडील गेल्यावर मला दादानेच शिकवलं होतं. तो ताटावर न बसता वहिनीला घेऊन निघून गेला. मग मीही फुगून बसलो. मोठा आहे तर त्याने समजून घ्यावं, असं म्हणत राहिलो.

वर्षभराने त्याचा फोन आला. दुपारी अडीचला, माझ्या डब्याच्या वेळी.

"अरे, ते कॉम्प्युटर बंद पडनं. तपी जास नुसतं. येवाले जमी का?"

मी कोरडेपणाने म्हणालो, "पंखा साफ कर. आणि त्याच्यावर वहिनीच्या जुन्या साडीचं झाकण घालून ठेवतोस ना, ते काढ आधी."

दोन दिवसांनी पुन्हा फोन. पंखा साफ केला, झाकण काढलं, तरी अडीचला बंद पडतो. आधी डावी बाजू तापते, मग पंखा जोरात ओरडतो, मग सगळं काळं. नंतर दर दोन-तीन दिवसांनी हेच. असं चार महिने चाललं. दर वेळी मी म्हणायचो, बघतो, येतो. एकदा तर म्हणालो, "रिक्षात टाकून दुकानावर पाठव ना." त्यावर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

मे महिन्यात एका सकाळी दादा गेला. हार्ट अटॅक. मी त्या घरात पाऊल ठेवलं ते त्याला उचलायला.

तेराव्यानंतर वहिनीने त्याचं काम हातात घेतलं. तिला सगळं येत होतं, शेजारी बसून शिकली होती. दोन मुली आहेत, घर त्याच कामावर चालणार. पाचव्या दिवशी तिचा फोन आला — कॉम्प्युटर रोज अडीचला बंद पडतो, केलेलं डिझाइन उडून जातं, एक व्यापारी काम परतही घेऊन गेला.

या वेळी मी लगेच गेलो. डबा उघडला तर आत रुईचा कण नाही. पंखा चकचकीत. तरी पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली. मी अडीच वाजून गेले तरी बसून होतो, तोवर छान चालला. मी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी अडीचला बंद. दुकानात आणून चार दिवस चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. परत नेऊन दिला... बंद. इलेक्ट्रिशियन आणला. त्याने मीटरपासून बोर्डापर्यंत सगळं तपासलं. "भाई, लाइन तो एकदम बराबर छे." शेवटी दुकानातला नवाकोरा कॉम्प्युटर नेऊन लावला, आत तापमान मिनिटामिनिटाला लिहून ठेवणारा प्रोग्रॅम टाकला. तोही अडीचला बंद पडला. नोंद पाहिली — दोन एकोणतीसला सेहेचाळीस डिग्री, दोन तीसला नव्याण्णव. मधे काही नाही. एका मिनिटात एवढं तापमान चढायला मशीनवर काहीतरी मोठं काम चालू असावं लागतं. वहिनी तेव्हा नुसती रंग निवडत होती.

मग मला एक साधी गोष्ट सुचली, जी पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. विंडोज प्रत्येक वेळी अचानक बंद पडल्याची तारीख-वेळेसकट नोंद ठेवतो. म्हटलं, दादाच्या वेळेपासूनचा हिशोब लागेल. जुना कॉम्प्युटर उघडला, यादी काढली, मागे मागे गेलो.

दादा जिवंत असतानाची एकही नोंद नव्हती. त्या चार महिन्यांत कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू झालेला, रात्री नीट बंद केलेला. पहिली नोंद तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाची, दुपारी दोन तीस.

मी वहिनीला विचारलं, "दादाला याचा त्रास होता ना?"

"त्यासले? कधीच नही. मी आठेच तं ऱ्हास दिनभर, त्यासना बाजूले."

मी तिला चार महिन्यांच्या फोनचं सांगितलं. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. म्हणाली, जेवण झालं की ते फोन घेऊन जिन्यात जाऊन बसायचे.

मोठ्या भावाने धाकट्याला 'घरी ये' म्हणायचं कसं, तेही टोपीचा मान न मिळालेल्या भावाने? म्हणून त्याने कॉम्प्युटर बिघडवला. तोंडानेच. आणि मी, वीस वर्षांचा कारागीर, त्याला झाकण काढायला सांगत होतो.

पुढचे काही दिवस मी रोज सव्वादोनला जाऊन बसायला लागलो. मी असलो की मशीन चालायचं. वहिनी पाठ करून काम करायची. एक दिवस न वळताच म्हणाली, "भाऊजी, आते नका येत जाऊ. अडीचले मीच बंद करी देसू. त्या बलायेत तवय तुम्ही उनात नहीत. आते या डबडाकरता रोज येतस."

दादा बोलवत होता तेव्हा मी आलो नव्हतो, खरंच होतं ते. चप्पल घालून खाली आलो.

न सांगता ते मशीन मला कसं ओळखायचं, दादाने रचलेला बिघाड त्याच्यामागे तसाच्या तसा कुठून आला, हे मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी हार्डवेअरमधलं असेल तर जरूर सांगा, माझी सगळी तपासणी वर दिली आहे. वहिनीचं काम आता सुरळीत चाललंय, असं मुलींकडून कळतं. तिने पुन्हा कधी फोन केला नाही.