कॉर्नेलियसने जावई तपासला

बहारीनच्या सीफ भागातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या बाजूला, जिथे पाहुणे कधी फिरकत नाहीत, तिथे एक स्टीलचं टेबल आहे. त्या टेबलामागे गेली कित्येक वर्षं वसईतल्या भुईगावचा कॉर्नेलियस तुस्कानो उभा आहे. हॉटेलात येणारा प्रत्येक मासा, प्रत्येक कोंबडी, कोथिंबिरीची प्रत्येक जुडी आधी कॉर्नेलियसला भेटते आणि मगच आत जाते. हुद्द्याचं नाव रिसिव्हिंग सुपरवायझर. काम एकच, संशय घेणे.

टोमॅटोची पेटी आली की वरच्या थराकडे तो बघतही नाही. पेटी सरळ उलटी करतो. हामूरचे कल्ले तो अशा चेहऱ्याने उघडतो की मेलेल्या माशालाही आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. खिशात पेनाच्या जागी टोकदार थर्मामीटर. तो मटणात खुपसायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मटणाकडे नव्हे, माल आणणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत राहायचं, ही त्याची पद्धत. आकडा दिसण्याआधीच काही ड्रायव्हर "साब, गाडी का एसी बंद था" म्हणून मोकळे झालेत.

आता माणूस ड्यूटी संपवून घरी येतो, पण स्वभाव काही टाइम-कार्ड पंच करून बाहेर पडत नाही. घराजवळ, गुदैबियात, तो खबूसची रोटी विकत घेतो ती दुकानाबाहेर उन्हात धरून, तपासून. न्हाव्याला नवं ब्लेड डोळ्यांदेखत फोडायला लावतो. आमच्याकडे जेवायला येणार असला की आमची बायको भाजी दोनदा धुते. एकदा चर्चबाहेर एका भल्या माणसाने स्वतःची गाडी काढून याला पार्किंगला जागा करून दिली, तर हा तीन गल्ल्या पलीकडे गाडी लावून घाम पुसत मिस्साला आला. म्हणाला, "एवढी चांगली जागा होती, तर तो सोडून का गेला?"

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने फोन करून सांगितलं, की मी लग्न ठरवलंय.

मेलिसा नैरोबीत एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. फोन स्पीकरवर होता. कॉर्नेलियस सोफ्यावर, त्याची बायको फ्लोरी त्याच्याशेजारी, पदराच्या जागी नॅपकिन मुठीत धरून.

"नाव काय?" कॉर्नेलियसने विचारलं.

"हॅन्सेल. हॅन्सेल नोरोन्हा."

"गोव्याचा?"

"आजोबा गोव्याचे. हे लोक इथलेच, केन्याचे."

"म्हणजे गोवेकर, आणि तोही आफ्रिकेत मुरलेला. करतो काय?"

"टूर गाइड आहे पप्पा. नॅशनल पार्कमध्ये टुरिस्टना घेऊन जातो. ॲनिमल्स दाखवतो."

कॉर्नेलियसने फ्लोरीकडे असं पाहिलं, जणू पेटीच्या तळातून पाणी गळायला लागलं होतं. "ऐकलंस? ज्याचा धंदाच दाखवण्याचा आहे!"

"अहो, तुम्हाला दाखवलेलं चालत नाही, लपवलेलं चालत नाही," फ्लोरी म्हणाली. "त्या पोराने करायचं तरी काय?"

मेलिसा बापाची मुलगी. तिने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. दोघांनी जुलैत यावं. एक अख्खा दिवस हॅन्सेलच्या गाडीतून पार्क बघावा. ती स्वतः ड्यूटीवर असेल, मध्ये पडणार नाही. संध्याकाळी हॅन्सेलचे आईवडील तिच्या फ्लॅटवर मागणी घालायला येतील, तेव्हा पप्पांनी काय ते सांगावं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

 ती म्हणाली, "तर मी तुमच्या मनाविरुद्ध लग्न नाही करणार. पण दुसऱ्या कोणाशी पण नाही करणार. आय मीन इट, पप्पा."

फ्लोरीची झोप त्या दिवसापासून उडाली. कॉर्नेलियसची उडाली नाही, कारण त्याच्या मते माल अजून टेबलावर आलाच नव्हता.

नैरोबीला निघण्याआधी हॅन्सेलचा निरोप आला, की स्वेटर आणा, इथे थंडी आहे. बहारीनमध्ये त्या दिवशी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर साल निघत होती. कॉर्नेलियसने निरोप दोनदा वाचला. "जुलैत थंडी! पहिलंच वाक्य खोटं." फ्लोरीने गुपचूप दोन स्वेटर बॅगेत टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलिसाच्या इमारतीखाली दात वाजवत उभं असताना त्यातला एक कॉर्नेलियसने चढवला. पण हॅन्सेलचं बोलणं खरं निघालं म्हणून त्याचे गुण वाढले असं समजू नका. उलट कमी झाले.

हॅन्सेल वेळेच्या आधी आला. उंच, सावळा, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट. "गुड मॉर्निंग अंकल, देव बरो दीस दिवं आंटी," म्हणाला. पुढे दिवसभर तो बोलला ते इंग्रजीत, मधेमधे आजीच्या कोकणीचे तुकडे टाकत. त्याने फ्लोरीसाठी दार उघडलं, पायावर घालायला शाल दिली, डॅशबोर्डवर छोटी मदर मेरी होती. कॉर्नेलियसने मदर मेरीच्या खाली बोट फिरवलं. धूळ नव्हती.

"काल बसवली असेल," तो फ्लोरीच्या कानात पुटपुटला. "सॅम्पल नेहमी चांगलंच असतं. सॅम्पल बघून ऑर्डर देणारा माणूस बुडतो."

"अहो, तो मुलगा आहे. भेंडी नाही."

नैरोबीचा हा पार्क शहराला लागूनच आहे, म्हणजे गेटमधून आत शिरलं की पुढे गवताळ रान आणि मागे वळून बघितलं तर काचेच्या इमारती. गेटवरच हॅन्सेलने बजावलं होतं, की मी सांगितल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. पहिला जिराफ दिसला तो नेमका एका उंच टॉवरच्या पुढ्यात उभा. फ्लोरीने "जेजू!" म्हणून हात जोडले. कॉर्नेलियसने डोळे बारीक केले.

"हे पाळलेले आहेत?"

"नाही अंकल. जंगली आहेत."

"ऑफिसच्या समोर? आमच्याकडे बहारीनला पण पार्क आहे. तिथली हरणं चाऱ्याची गाडी आली की लाइनीत उभी राहतात."

"इथे चारा कोणी घालत नाही अंकल. शहराच्या बाजूला कुंपण आहे, पण दक्षिणेकडे मोकळं आहे. त्यांना जायचं असेल तर ते जाऊ शकतात."

"मग जात का नाहीत?"

हॅन्सेलने या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. "सकाळच्या ट्रॅफिकमुळे मला पण नैरोबी सोडावंसं वाटतं. पण मी पण जात नाही."

फ्लोरी हसली. कॉर्नेलियस हसला नाही. हजरजबाबी माणसं त्याने टेबलासमोर खूप पाहिली होती, आणि त्यांच्या कोलंबीला वास यायचा.

पुढे गेंडा लागला. झुडपाशेजारी राखाडी, थोरला, जराही न हलणारा. बाकीच्या गाड्यांमधले लोक कुजबुजत फोटो काढत होते. कॉर्नेलियस हाताची घडी घालून बसला.

"सिमेंटचा आहे."

"अंकल, तो उभ्याने आराम करतोय."

"एवढा वेळ कोण आराम करतो? सरकारी नोकरीत आहे काय?"

तेवढ्यात गेंड्याने शेपूट वर केलं आणि मागच्या बाजूने अशी पिचकारी सोडली, की शेजारच्या गाडीतल्या बाईने किंकाळी फोडून काच वर केली. फ्लोरीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. कॉर्नेलियसने एवढंच मान्य केलं, की गेंड्यात पाण्याचं कनेक्शन आहे.

मग जेवण. पार्कात एका ठिकाणी उतरून बसायला बाकं आहेत. हॅन्सेलने डबे उघडले, आईने केलेले सामोसे आणि चिकन सँडविच. फ्लोरी प्रार्थनेसाठी डोळे मिटते न मिटते तोच कॉर्नेलियसने खिशातून थर्मामीटर काढून सँडविचच्या पोटात खुपसला, आणि सवयीप्रमाणे सँडविचकडे न बघता हॅन्सेलकडे बघत बसला. हॅन्सेलही शांतपणे त्याच्याकडे बघत बसला. एक माकड झाडावरून दोघांकडे बघत होतं.

"बर्फात ठेवलं होतं," हॅन्सेल म्हणाला. "आकडा बरोबर आला का अंकल?"

आला होता. कॉर्नेलियसच्या तोंडावर निराशा पसरली. "मेलिसाने सांगून ठेवलं होतं तुला? मी असं करतो म्हणून?"

"हो अंकल."

"तेच," कॉर्नेलियस फ्लोरीला मराठीत म्हणाला. "सगळं शिकवून आणलेलं आहे. स्वेटर, शाल, मदर मेरी, बर्फ. मला हा पोरगा दिसतच नाही गं. मेलिसाने पॅक केलेली पेटी दिसते. आणि पेटी उलटी करायला मिळत नाही. संध्याकाळी मी कशावर सही करू?"

फ्लोरीने सँडविच खाली ठेवलं. ही गंमत नव्हती, हे तिला कळलं. नवऱ्याच्या आवाजात पहिल्यांदाच संशयापेक्षा भीती जास्त होती. "तुम्ही नाही म्हणालात," ती हळूच म्हणाली, "तर पोर एकटी राहील. तिचा हट्ट तुमच्यासारखाच आहे."

"म्हणूनच तर विचारतोय."

दुपारनंतर ते सिंहाच्या शोधात फिरले. हॅन्सेलचा रेडिओ मधूनच खरखरायचा, दुसरे ड्रायव्हर स्वाहिलीत काही सांगायचे, आणि कॉर्नेलियसला वाटायचं की हे आपल्याविषयीच चाललंय. सिंह काही दिसेना. "शेर मफी," शेर नाही, असं तो दर वळणावर बहारीनच्या बोलीत जाहीर करी. "खलास. परत जाऊ."

शेवटी एका अरुंद रस्त्यावर, दोन्हीकडे कमरेएवढं गवत, अशा ठिकाणी हॅन्सेलने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बहुतेक इथेच आहेत. आवाज करू नका."

कॉर्नेलियसने गवताकडे पाहिलं. गवत म्हणजे गवत. झाला प्रकार त्याच्या लक्षात आला! दिवसभर सिंह दाखवता आला नाही, म्हणून आता "आहे, पण दिसत नाही" हा माल गळ्यात घालायचा. असा माल त्याने आयुष्यात कधी आत घेतला नव्हता. आणि कॉर्नेलियस तुस्कानोने तेच केलं जे तो संशय आल्यावर रोज करतो. खात्री करायला जवळ गेला.

त्याने दार उघडलं आणि खाली उतरला.

दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच मागून आवाज आला.

"गाडीत बस!"

ना "अंकल", ना "प्लीज". पुढच्या सीटवरून हॅन्सेल मागच्या उघड्या दारातून अर्धा बाहेर झेपावला होता. त्याने कॉर्नेलियसचा स्वेटर मानेपाशी पकडला आणि पोतं ओढावं तसा त्याला आत ओढला. कॉर्नेलियस फ्लोरीच्या मांडीवर डोकं आणि सीटखाली पाय अशा अवस्थेत पडला. दार धाडकन बंद झालं.

"अक्कल आहे का तुम्हाला?" हॅन्सेल ओरडत होता. कडक इस्त्रीचा शर्ट खांद्याला उसवला होता. "सकाळी गेटवर मी काय सांगितलं? काय सांगितलं? संध्याकाळी नाही म्हणायचंय ना, म्हणा! आत्ता म्हणा! पण माझ्या गाडीतून उतरायचं नाही!"

फ्लोरी तोंडावर हात घेऊन बसली होती. कॉर्नेलियसवर लग्नापासून आजपर्यंत कोणी असं ओरडलं नव्हतं. तिने बिचारीने बरेचदा मनातल्या मनात तेवढं केलं होतं.

आणि मग, कॉर्नेलियस ज्या दिशेने निघाला होता तिथेच, गवतातून दोन गोल कान वर आले. मग डोकं. मग सगळी सिंहीण. ती उठली, आळस दिला, गाडीच्या पुढून रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या गवतात नाहीशी झाली. घाई नव्हती तिला.

"अहो, बघा ना! सिंह!" फ्लोरी कुजबुजली.

"बघतोय," कॉर्नेलियस म्हणाला. पण तो सिंहिणीकडे बघत नव्हता. हॅन्सेलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि थरथरत होते. त्याने ते घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला, तर स्टिअरिंगच थरथरायला लागलं. चावी लावायला त्याला जमेना. कॉर्नेलियसने सगळ्या प्रकारचे लबाड पाहिले होते. घाम आणणारे पाहिले होते, रडणारे पाहिले होते. हात असे थरथरवणारा त्याला अजून भेटला नव्हता. आणि सॉरी म्हणायचंही त्या मुलाला सुचत नव्हतं. तसं त्याला कोणी शिकवून पाठवलेलं नव्हतं.

परत येताना कॉर्नेलियस एकदाही "मफी" म्हणाला नाही.

संध्याकाळी मेलिसाच्या फ्लॅटवर हॅन्सेलचे आईवडील आले. आईच्या हातात केक, वडिलांच्या हातात वाइनची बाटली. हॅन्सेल शर्ट बदलून आला होता आणि जमिनीकडे बघत बसला होता, कारण त्याच्या मते सगळं संपलं होतं. मेलिसा स्वयंपाकघराच्या दारात उभी. थोरल्या नोरोन्हांनी घसा खाकरला, दोन घराण्यांविषयी चार चांगली वाक्यं म्हटली आणि ते थांबले. सगळ्यांनी कॉर्नेलियसकडे पाहिलं.

"मला एक तक्रार आहे," कॉर्नेलियस म्हणाला.

मेलिसाने डोळे मिटले.

"याला जी गाडी देतात," त्याने हॅन्सेलकडे बोट केलं, "तिचं मागचं दार आतून कोणीही उघडू शकतो. कोणीही! एखादा मूर्ख पाहुणा उतरला, तर त्याला वाचवायला हा मधे पडणार. याला काय झालं तर कोण जबाबदार? कंपनीचा मालक कोण? कसला माणूस आहे? इन्शुरन्स कोणाच्या नावावर आहे? कागद बघितलेत तुम्ही?"

"नाही," थोरले नोरोन्हा गोंधळून म्हणाले.

"बघितले नाहीत! मुलगा तुमचा, आणि कागद बघितले नाहीत!" कॉर्नेलियस खुर्ची पुढे ओढून हॅन्सेलच्या अगदी समोर बसला. "उद्या सकाळी आपण दोघं जाऊ त्याच्याकडे. तू बोलू नकोस. तू भोळा आहेस. मी बोलतो."

मेलिसा आईजवळ सरकली. "मम्मी," ती रडवेल्या आवाजात कुजबुजली, "पप्पांनी यस म्हटलंच नाही."

फ्लोरी तोपर्यंत ग्लास मांडायला लागली होती. "अगं वेडे, परक्याच्या मालकाशी भांडायला तुझे पप्पा कधी गेलेत का?" ती म्हणाली. "जा, केक काप. आणि सासऱ्यांना वाइन आधी दे, नाहीतर हे बाटलीचं बूच तपासायला घेतील."