पेन्सिलीचे स्वल्पविराम

शहरातल्या छावणी भागातून निघून पैठण रोडने चितेगावच्या पुढे माझी शाळा. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. बहुतेक मुलांचे आईबाप आसपासच्या कंपन्यांत कंत्राटावर. मुलांचं वाचन तपासायला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं कळलं आणि मी हात धुऊन वर्गाच्या मागे लागले. मुलं वाचायची ती मागे कुत्रं लागल्यासारखी, एका दमात, आणि मला त्याची भारी चीड.

मी फळ्यावर विरामचिन्हं काढली. पूर्णविराम आला की मनात दोन मोजायचे, स्वल्पविराम आला की एक. चिन्ह दिसलं की खुशाल थांबायचं, कुणी हसणार नाही, मीही रागावणार नाही, असं वर्गाला दहा वेळा सांगितलं.

वर्गात एक मुलगी बोलताना अडायची. ‘प’ आणि ‘क’ तर तिच्या तोंडून सुटायचेच नाहीत. वाचनाची पाळी तिच्यापाशी आली की मी तिला ओलांडून पुढच्या मुलीला उठवायचे. तिची लाज राखते आहे, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. खरं म्हणजे मला तेवढा वेळ थांबवत नसे.

आठवड्याभराने तिने आपणहून हात वर केला. नवल वाटलं, पण मी हो म्हटलं. ती वाचू लागली. दोन-तीन शब्द, मग थांबायची, मग पुढचा शब्द स्वच्छ यायचा. ती अडत नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला ऐकू आलं ते एवढंच की ही भलतीकडेच थांबते आहे. मी तरातरा गेले आणि पुस्तक ओढून घेतलं. पानभर पेन्सिलीचे स्वल्पविराम, जाड, वेडेवाकडे, काही तर शब्दाच्या डोक्यावर चढलेले.

माझं डोकं फिरलं. साहेब यायला दोनच दिवस उरलेले आणि सरकारी पुस्तकाची ही दशा. कुणी केलं म्हणून विचारलं, तर ती पहिल्याच अक्षरावर अडली. मी थांबले नाही. तिच्या हातात खोडरबर दिलं आणि वर्गासमोर उभं करून सगळं पान खोडायला लावलं. मग म्हटलं, आता नीट वाच. तिच्या ओठांतून काही निघेना. मागून कुणीतरी तिची नक्कल केली आणि वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना दटावलं, तिला खाली बसवलं.

साहेब आले त्या दिवशी मी तिला शेवटच्या रांगेत ठेवलं. वर्गाला शाबासकी मिळाली.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना तिची आई आली, पहिल्या पाळीवरून तशीच, डोक्याला कंपनीची टोपी. मुलगी दाराबाहेर उभी राहिली.

“ते निशाण म्या केलते, बाई,” आई म्हणाली. “मला लिहिता-वाचता येत नाय. ही बोट ठिऊन वाचायची, जिथं अडंल त्याच्या अगोदर म्या एक निशाण करायची. हीच म्हणली, निशाण असलं की थांबलेलं चालतं, बाईनं सांगितलंय. आठवडाभर रोज बसलो आम्ही.”

आता पोरगी घरीही बोलत नाही, पाणी हवं असलं तरी हातानंच दाखवते, असं तिने सांगितलं. मग पुस्तक आणि पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली.

“आता तुम्हीच करा निशाणं, तुमच्या कायद्यात बसतील तिथं. पण तिला वाचू द्या.”

माफी मागायची होती. मी नुसतं “बरं” म्हटलं. मला माझीच शिसारी आली.

मी पान उघडलं. खोडून खोडून कागद पातळ झाला होता, जुन्या खुणा कुठेच दिसत नव्हत्या. मुलीला जवळ बोलावलं आणि म्हटलं, तू वाच बाळा, मी चिन्हं देते. ती खाली बघत मान हलवून नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

पेन्सिल हातात धरून मी तशीच बसले. चिन्हं द्यायची कुठे, ते मला कळेना. ती वर्षभर माझ्या वर्गात होती, आणि तिचं वाचन मी एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.